कशातच मन लागत नाहीये आणि करिअर ठरवायचंय? आधी हे करा

कॉलेज सोडून द्यावंसं वाटतंय, एमपीएससीचं पुस्तक उघडवत नाही, प्लेसमेंटचा फॉर्म आलाय तो भरायचासुद्धा जीवावर येतंय आणि घरी फोनवर मात्र "चाललाय अभ्यास" असं सांगताय, हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर पुढचं वाचा. मी कॉलेजात शिकवते, वर्गाची मेंटॉर म्हणून पोरं माझ्याकडे येतात ती अटेंडन्स कमी पडली की किंवा केटी लागली (विषय राहिला) की, आणि अर्धा तास बोलल्यावर लक्षात येतं की प्रॉब्लेम अभ्यासाचा नाहीचे, झोप उडालीये, जेवण जात नाही आणि पुढे काही चांगलं होईल असं वाटतच नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे निदान वगैरे करणार नाहीये. काय करायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं एवढंच सांगते.

थोडक्यात सांगायचं तर डिप्रेशन असताना "मला हे जमणार नाही, मला काहीच नको" असं जे वाटतं त्याच्या जोरावर करिअरचा निर्णय घ्यायचा नाही, आणि निर्णय पुढे ढकलत असताना परीक्षा, फॉर्म, स्कॉलरशिप यातलं काही हातचं जाऊ द्यायचं नाही. खाली जे लिहिलंय ते या दोनच गोष्टींसाठी.

आधी हे डिप्रेशनच आहे का ते बघा

पीएचक्यू-९ नावाची एक साधी प्रश्नावली आहे, फुकट आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं वगैरे, आणि प्रत्येकाला ० ते ३ मार्क द्यायचे. बेरीज १० किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवायचं, १५ किंवा वर असेल तर टाळाटाळ नकोच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरजेकडे बघत बसू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, २४ तास, मराठीतून बोलता येतं.

हा स्कोअर म्हणजे निदान नाही पण, डॉक्टरांसमोर काय बोलू सुचत नाही तेव्हा तो कागद पुढे केला की अर्धं काम होतं.

आणि एक रक्ततपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. विशेषतः मुलींनी. आपल्या राज्यात अर्ध्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे असं सरकारी आरोग्य सर्वेक्षणातच आलंय, त्यात हॉस्टेलला राहून सकाळचा नाश्ता बुडवणारी पोरगी असेल तर दिवसभर अंगात त्राण नसणं, डोकं न चालणं हे रक्त कमी असल्यानेही होतं. कधी दोन्ही एकदम असतं, तेव्हा रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून मनाचं काही नाहीच असं लगेच ठरवू नका. पाळीच्या आधीच्या आठवड्यात दर महिन्याला सगळं कोसळतं आणि पाळी आली की बरं वाटतं असं होत असेल तर तारखा लिहून ठेवा, त्याचा वेगळा विचार होतो आणि त्याला उपचारही आहेत.

पोरीत ते कुठे लपतं, पोरात कुठे

डिप्रेशनचं निदान बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट होतं, आणि हा फरक बारा-तेरा वर्षांच्या आसपास सुरू होतो. दुसरीकडे आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सातेक पुरुष असतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, मुलांना त्रास कमी होतो असा अर्थ निघत नाही, त्यांचा त्रास वेळेत कोणाला दिसत नाही असाच निघतो. २०२२ च्या एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या) नोंदींत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे.

माझ्या बघण्यात मुलगा असेल तर चिडचिड, रात्रभर मोबाईलवर गेम, मित्रांशी भांडण, दारू सुरू होणं, लेक्चरला न येणं असं दिसतं, आणि सगळे म्हणतात पोरगं वाया गेलं. रडत नाही ना, मग डिप्रेशन कसलं! तो स्वतःही तसं म्हणत नाही, "मूडच नाहीये" एवढंच म्हणतो. त्याच्या मोटिव्हेशनच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते, कमवायला लागायचंय, बाबांचं कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे. त्यामुळे एक विषय राहिला की त्याला फक्त विषय राहिल्यासारखं वाटत नाही, आपण पुरुष म्हणूनच कमी पडलो असं वाटतं. तुम्ही मुलगा असाल आणि हे वाचताना "माझं तसं नाही, मी फक्त आळशी झालोय" असं मनात आलं असेल तर एवढंच विचारा स्वतःला, आळशी माणसाला क्रिकेट, बिर्याणी आणि मित्रांबरोबर फिरणं तरी आवडतं, तुम्हाला तेही नकोसं झालंय का?

मुलगी असेल तर पुष्कळदा सगळं नीट चालू दिसतं. सबमिशन वेळेवर, अटेंडन्स पूर्ण, जर्नल सुंदर अक्षरात. पण आतून स्वप्नं लहान लहान होत जातात. फर्स्ट इयरला परदेशात एमएस करायचं म्हणणारी थर्ड इयरला म्हणते घराजवळ काहीतरी बघेन, फायनलला म्हणते बघू घरचे काय म्हणतात ते. हे बदल इतके हळू होतात की कोणाला खटकत नाहीत, उलट समजूतदार झाली म्हणून कौतुक होतं. आणि नेमकं तेव्हाच कुठूनतरी स्थळ येतं. बरी असती तर तिने नाही म्हटलं असतं, पण भांडायला लागणारी ताकदच नसते म्हणून हो म्हणून टाकते, आणि सगळ्यांना वाटतं तिची मर्जी होती.

सुसन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं होतं, बायकांमध्ये तेच तेच विचार उगाळत बसण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्याने डिप्रेशन लांबतं असं त्यांनी दाखवलं. मैत्रिणीशी रोज दोन तास तोच विषय बोलणं हा मोकळं होण्याचा प्रकार वाटतो पण रोज तेच बोलून फोन ठेवल्यावर अजून जड वाटत असेल तर ते उगाळणंच आहे. त्या कॉलला वेळ ठरवा, वीस मिनिटं रडगाणं, मग काहीतरी वेगळं, शक्यतो चालता चालता.

अजून एक, जे मुलगा-मुलगी या दोन खान्यांत बसत नाहीत किंवा घरी ज्यांना आपली ओळख सांगता येत नाही त्यांच्यावर हे ओझं जास्तच असतं, हॉस्टेल कुठलं, मार्कशीटवर नाव कुठलं इथपासून सुरुवात. कोणी डॉक्टर "हे बदलून देतो" म्हणाला तर उठून या, तसा उपचार करणं हे २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय.

मोटिव्हेशन यायची वाट बघू नका

डिप्रेशनमध्ये माणूस आनंदाची कल्पनाच करू शकत नाही, पुढे काही मिळेल असं वाटत नाही म्हणून हात-पाय हलत नाहीत, आणि हलत नाहीत म्हणून खरंच काही मिळत नाही. मोटिव्हेशनल व्हिडिओ बघून हे तुटत नाही, उलट त्या माणसाने पहाटे चारला उठून काय काय केलं ते ऐकून आपल्याला अजून भिकार वाटतं. हे तुटतं उलट्या बाजूने, आधी कृती आणि मन मागून. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात त्याला आणि ते काही कोणाचं खूळ नाहीये, गोव्यात संगाथ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठकांत हेच करून घेतलं, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडला असा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

करायचं कसं? आदल्या रात्री उद्याच्या फक्त तीन गोष्टी लिहायच्या, एक शरीराची, एक माणसांची, एक अभ्यासाची. आणि त्या इतक्या छोट्या की लाज वाटली पाहिजे. अंघोळ. मेसवर जाऊन जेवणे, डबा रूमवर मागवायचा नाही. युनिट तीनचं पहिलं पान वाचणे, बास. वेळ लिहायची, "सकाळी" असं नाही, ९.३० असं. करण्याआधी मूड दहापैकी किती आणि केल्यावर किती ते बाजूला टिपायचं. आठवडाभराने तो कागद बघितला की कळतं कशाने अर्धा-एक मार्क वर जातोय, ते वाढवायचं. एखाद्या दिवशी तीनपैकी एकच झालं तर दुसऱ्या दिवशी पाच लिहायची नाहीत, तीनच.

अभ्यासिकेत जात असाल तर एक सांगते, सकाळी आठ ते रात्री दहा खुर्ची धरून बसणं म्हणजे अभ्यास नव्हे, पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत निम्म्या खुर्च्या अशाच धरलेल्या असतात. चाळीस मिनिटं बसा, उठा, खाली उतरून चक्कर मारा. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी अकराला उठणं आधी बंद करा, झोपायची वेळ ठरत नसेल तर उठायची ठरवा, ती आपल्या हातात असते.

आणि इंस्टाग्रामवरचे "जॉइन्ड ॲज सॉफ्टवेअर इंजिनियर" वाले मित्र दोन महिने म्यूट करा, त्यांना कळत पण नाही.

कागदपत्रं, फॉर्म, तारखा

हा भाग कुठल्याच डिप्रेशनच्या लेखात नसतो आणि माझ्या मते पोरांचं खरं नुकसान इथेच होतं. आजार बऱ्याचदा काही महिन्यांत आटोक्यात येतो पण परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून वर्ष जातं.

एका मित्राला किंवा मैत्रिणीला तारखांचं काम द्या, सरळ सांगा "मला सध्या जमत नाहीये, परीक्षा फॉर्म, टर्म वर्क आणि स्कॉलरशिपच्या तारखा मला फोन करून सांग, मेसेज मी बघत नाही". महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) रिन्युअल अर्ज दरवर्षी भरावा लागतो, मागच्या वर्षी आली म्हणून यंदा आपोआप येत नाही, आणि आधार बँकेला लिंक नसेल तर पैसे अडकतात, तर ते एका दिवसात बसून उरकून टाका. अटेंडन्स कमी पडली असेल तर डिफॉल्टर लिस्ट (कमी हजेरीवाल्यांची यादी) लागायच्या आधी मेडिकल सर्टिफिकेट द्या, लागल्यावर दिलं की सगळ्यांना ते खोटं वाटतं. सर्टिफिकेटवर आजाराचा सगळा तपशील लिहायला लागत नाही, "उपचार चालू आहेत, विश्रांतीची गरज आहे" एवढं पुरतं. ऑफिसात जाऊन भांडायचं बळ नसेल तर मेंटॉरला मेल करा, चार ओळींचा.

सगळे पेपर देणं शक्य नसेल तर कुठले सोडायचे ते आधी ठरवा. एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाण्याची, मर्यादा काय आहे ते आपल्या युनिव्हर्सिटीच्या नियमात बघा आणि तेवढ्यात बसेल असे पेपर द्या, सगळेच सोडून ईयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाणं, ओढवून घेऊ नका. बऱ्याच कंपन्या प्लेसमेंटला चालू बॅकलॉग चालवून घेत नाहीत पण क्लिअर केलेला बॅकलॉग चालवून घेतात, हा फरक पोरांना माहीत नसतो आणि एक केटी लागली की सगळं संपलं म्हणून बसतात.

अगदीच थांबायची वेळ आली तर नाव काढून घेऊ नका, आधी ब्रेकबद्दल विचारा. नवीन शैक्षणिक धोरणात मधेच बाहेर पडून परत यायची सोय आहे, पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, आणि मिळवलेली क्रेडिट्स (पास झालेल्या विषयांचे गुणांक) अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. तुमच्या कोर्सला ते कसं लागू होतं ते परीक्षा विभागात विचारून लेखी घ्या, तोंडी नाही.

मुलींसाठी अजून एक. घरात "फी परवडत नाही, तसंही तुझं लक्ष नाही, राहू दे" असं चाललं असेल तर लक्षात ठेवा, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक कोर्सला गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. फीचं कारण खरं आहे की दुसऱ्या कशाचं तरी पांघरूण आहे ते मग आपोआप कळतं.

मग करिअरचं काय?

एक वही घ्या, डाव्या बाजूला लिहा "मला नको" आणि उजव्या बाजूला "मला जमणार नाही". आता जे जे सोडावंसं वाटतंय ते खरं कुठल्या बाजूला जातं ते बघा. मी बघितलंय, बहुतेक गोष्टी उजवीकडे जातात. "मला कोडिंग आवडत नाही" असं म्हणणारा पोरगा लिहायला बसला की लिहितो "मला कोडिंग येत नाही असं कळलं तर सगळे हसतील". प्रत्येकापुढे अजून एक तारीख लिहा, हे नकोसं कधीपासून झालं? झोप बिघडायच्या आधीपासून की नंतर? नंतर असेल तर त्या गोष्टीला आत्ता हात लावायचा नाही, उपचार सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की परत बघायचं. आधीपासूनच नको होतं, आईबाबांनी बारावीला ढकललं होतं, असं असेल तर ती वेगळी केस आहे, तिथे खरंच वाट बदलायचा विचार करता येतो, कदाचित त्या ढकलण्यानेच निम्मा आजार आणलाय.

आशा या गोष्टीवर काम केलेले सी. आर. स्नायडर म्हणायचे की आशेला तीन गोष्टी लागतात, ध्येय, तिथे जायच्या वाटा, आणि चालायचं बळ. डिप्रेशन बळ खातं आणि वाटाही दिसेनाशा करतं, मग माणूस ध्येयच टाकून देतो. म्हणून ध्येय तसंच ठेवा, फक्त त्याच्याखाली वाटा दोन लिहा. समजा स्पर्धा परीक्षा हे ध्येय असेल तर एक वाट पूर्णवेळ अभ्यासाची आणि दुसरी पार्टटाइम नोकरी करत दोन वर्षं जास्त लागतील अशी. दुसरी वाट कागदावर आली की पहिलीची भीती कमी होते.

याच स्पर्धा परीक्षांवरून एक सांगते. एमपीएससीच्या राज्यसेवेची वयोमर्यादा ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, पुरुष असो की बाई. पण घरातली वयोमर्यादा वेगळी असते, मुलाला सात-आठ वर्षं मिळतात, मुलीला दोन अटेम्प्ट. मग पहिला अटेम्प्ट गेला की मुलीच्या डोक्यात घड्याळ वाजायला लागतं आणि मुलगा मात्र सात वर्षं पुण्यात अडकून पडतो, परत गावी जायला तोंड नाही म्हणून. दोघांनीही अटेम्प्ट किती ते बरं असताना, शांत डोक्याने ठरवून घरच्यांना सांगून ठेवावं, आणि रिझल्ट लागल्याच्या आठवड्यात त्या आकड्यावर चर्चा करायची नाही म्हणजे नाही.

घरी सांगणं आणि डॉक्टर

घरी "मला डिप्रेशन आहे" असं म्हटलं की "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" हे येणारच. त्यापेक्षा शरीरापासून सुरुवात करा, "आई, महिनाभर झोप नाहीये, वजन चार किलो कमी झालंय, मला दाखवायचंय, कॉलेज सोडायचं नाहीये". शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्यांची खरी भीती ती असते. मुलीच्या बाबतीत दुसरी भीती, फाईल झाली तर लग्नात अडचण येईल. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर कोणाला सांगत नाहीत, आणि तुम्ही १८ पूर्ण असाल तर एकट्याने जाऊन दाखवू शकता. "लग्न केलं की ठीक होईल" किंवा मुलाला "नोकरी लागली की ठीक होईल" यावर वाद घालू नका, "आधी डॉक्टर काय म्हणतात बघू, मग ठरवू" एवढंच म्हणत राहा.

कॉलेजात समुपदेशक आहे का विचारा, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत असायलाच हवा असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते, केसपेपरचे किरकोळ पैसे लागतात.

गोळ्या दिल्या तर घाबरू नका, सवय लागते वगैरे लोक सांगतात तसं या डिप्रेशनच्या गोळ्यांचं नसतं, पण फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा होतो, त्यात बरेच जण सोडून देतात. पंचविशीच्या आतल्यांना पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात एकटं राहू नका आणि तसं काही झालं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि कधी काळी तुम्हाला झोप न घेता आठवडाभर प्रचंड एनर्जी होती, वारेमाप खर्च केला, असं झालं असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने औषधच बदलतं.

मित्रासाठी हे वाचत असाल तर त्याला "मरायचे विचार येतात का" असं सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, वॉर्डनला, त्याच्या घरच्यांना सांगा, गुप्त ठेवायचं वचन मागितलं तरी. एरवी फक्त ओपीडीच्या दिवशी बरोबर जा, तीच सगळ्यात मोठी मदत आहे. नवीन पेशंटचे केसपेपर सकाळीच काढतात, रांग असते, साडेआठपर्यंत पोचा, रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि तो नऊ प्रश्नांचा कागद बरोबर ठेवा, आणि वाट बघताना खायला काहीतरी घेऊन जा.